अधिष्ठान

मळवली स्थानकावरून भाज्याची लेणी चढून जावे आणि विहारातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीतील दगडी ओट्यावर हात टेकवावा, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे घाव तळव्याला अजून लागतात. आणि ज्या भिक्षूंनी या कातळावर मावळातले पावसाळे काढले, त्यांच्या वैराग्यात कातळाचाही काही वाटा होता की तो निव्वळ साक्षी होता, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला, तो मला मान्य आहे. परंतु कर्त्याच्याही आधी त्याची गणना व्हावी, ही गोष्ट आपण मनावर घेत नाही. सहाव्या अध्यायात साधकाचे आसन फार उंच नसावे, फार नीच नसावे, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन व त्यावर वस्त्र असावे, असा जो बारीक तपशील येतो, तोही आपण आचारधर्माच्या दफ्तरी जमा करून मोकळे होतो. माणूस घसरला, की त्याच्या स्वभावाचा पंचनामा होतो; तो ज्या जमिनीवर उभा होता तिचा कोणी करीत नाही.

लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी योगाला उपकरणांची कसोटी लावली. त्याच परिसरात राहून हा प्रश्न प्रयोगशाळेपुढे ठेवण्यात मला संकोच वाटत नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पुढे हाड व्हायचे की मेद हे न ठरलेल्या मानवी मूलपेशी एका प्लास्टिकच्या पृष्ठभागावर वाढवल्या. त्यावर १२० नॅनोमीटर रुंद व १०० नॅनोमीटर खोल खळगे होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खळगे काटेकोर चौकटीत असताना पेशींचा हाडाकडे विशेष कल दिसला नाही. तेच खळगे जेमतेम ५० नॅनोमीटरपर्यंत इकडेतिकडे सरकवताच, हाड घडवणारे कोणतेही रसायन न घालता, पेशी अस्थिखनिज निर्माण करू लागल्या. किंचित अव्यवस्थेला एवढे सामर्थ्य असावे, याने मी आजही थक्क होतो.

तरीही कर्त्याचे कर्तृत्व येथे बुडाले, असे मी मानत नाही. पेशी आवरणातील प्रथिनांनी पृष्ठभागाला धरते, आतल्या तंतूंनी ओढून पाहते, आणि तो ताण केंद्रकापर्यंत जाऊन पोहोचतो. ओढण्याची ही शक्ती औषधाने रोखली, तर आधार मऊ की कठीण हेही तिला उमगत नाही, असे अन्य प्रयोगांत आढळले आहे. आधार बोलतो तो चाचपून पाहणाऱ्याशीच. शिवाय काही दिवसांत पेशी स्वतःच स्रवलेल्या तंतूंचे जाळे त्या खळग्यांवर अंथरते, आणि पुढे जन्मणाऱ्या पेशीला जमीन मिळते ती या अंथरुणाची.

भाज्याच्या त्या ओट्यावर आतल्या बाजूला छिन्नीचे घाव टोचतात. बाहेरच्या कडेला मात्र, जिथे माणूस सहज टेकतो तिथे, दगड हाताला गुळगुळीत लागतो.