लहरी ठरावाचा खर्च

सरकारी कचेरीत आवक नोंदवहीवर काही वर्षे काढलेल्या माणसास एक खोड जडते. लखोटा हाती येताच, आतील मजकूर वाचण्यापूर्वीच, हा अर्ज शहाण्याचा की लहरी माणसाचा याचा तो अंदाज बांधू लागतो. समासापर्यंत दाटीने भरलेले अक्षर, लाल शाईच्या अधोरेखा, आणि राष्ट्रपतींपासून पोस्टमास्तरांपर्यंत सर्वांस पाठविलेल्या प्रती! तरीही नियम असा की, प्रत्येक अर्जास क्रमांक हा मिळालाच पाहिजे. त्या क्रमांकासाठी शाई, कागद व सरकारने पगार देऊन विकत घेतलेला माझा वेळ खर्ची पडतो. हा खर्च उचित की व्यर्थ, हा प्रश्न मला अमेरिकेतील डेन्व्हर नगरीची हकिकत वाचताना प्रकर्षाने पडला.

डेन्व्हर हे कोलोरॅडो राज्याचे राजधानीचे शहर. या राज्याने 1910 मध्येच सामान्य नागरिकास ठराव मांडण्याचा अधिकार दिला. शहरातही ठराविक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा केल्या की कोणाचाही ठराव मतपत्रिकेवर येतो. जेफ पेकमन नामक गृहस्थांनी सुमारे 4,000 सह्यांची अट पुरी केली आणि नोव्हेंबर 2010 मध्ये नगरवासीयांपुढे प्रश्न आला : परग्रहवासीयांशी येणाऱ्या संबंधांचा विचार करण्यासाठी सात सदस्यांचे मंडळ नेमावे काय? चार-पंचमांशांहून अधिक मतदारांनी 'नाही' म्हटले. याच गृहस्थांनी 2003 मध्ये, शहरातील एकंदर मानसिक ताण कमी करण्याचे उपाय नगरसंस्थेने योजावेत, असा ठराव आणला होता. तोही पडला, पण त्यास सुमारे एक-तृतीयांश मते मिळाली होती, हे हसणाऱ्यांनी विसरू नये.

परग्रहवासीयांचे मंडळ देणग्यांवर चालावयाचे होते. परंतु त्यावरील मतदान काही देणग्यांवर झाले नाही. मतपत्रिकेची छपाई, मतमोजणी, सह्यांची पडताळणी, हे सर्व करदात्याच्या पैशातून. सह्या एकेक करून मतदारयादीशी ताडून पाहणारा कोणी कारकूनच असणार. त्याची मला मनापासून कणव येते. आणि छपाई हा तर या खर्चाचा सर्वांत लहान भाग. मतदाराचे अवधान ही अशी वस्तू आहे की ती सरकारी छापखान्यात वाढवून मिळत नाही. प्रश्नांची यादी लांबली म्हणजे खालचे प्रश्न कित्येकजण कोरेच सोडतात. परग्रहवासीयांवर हसून झाल्यावर त्याच ओठांनी शाळेच्या कर्जरोख्यांचा प्रश्न गांभीर्याने वाचावयाचा, हे प्रत्येकास साधतेच असे नाही.

मग विक्षिप्त ठराव आधीच गाळावेत काय? कोणी म्हणेल, एक शहाणी समिती नेमा. पण याच कोलोरॅडोत 1877 मध्ये स्त्रियांना मताधिकार द्यावा काय, हा प्रश्न केवळ पुरुष मतदारांपुढे आला तेव्हा तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. आणि 1893 मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी तो संमत केला. 1877 च्या शहाण्या समितीने काय केले असते, हे सांगावयास नको. पुढे 2005 मध्ये डेन्व्हरकरांनी, प्रौढ माणसाने जवळ थोडा गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये, असा नागरिकांचा ठराव संमत केला, आणि 2012 मध्ये सबंध राज्याने तीच वाट धरली. गांजाविषयी माझे मत प्रतिकूलच आहे. परंतु माझे मत प्रतिकूल आहे म्हणून प्रश्न विचारूच नये, असे म्हणण्याचा अधिकार मला कोठून आला?

म्हणजे चाळणी हवीच असेल, तर ती माणसांच्या संख्येची असावी, पैशाची नसावी. कॅलिफोर्नियात ठराव दाखल करण्याचे शुल्क 1943 पासून 200 डॉलर होते. 2015 मध्ये एकाने ते भरून, समलिंगी व्यक्तींना ठार मारावे, असा ठराव दाखल केला. न्यायालयाने तो रोखला. आणि विधिमंडळाने त्याच वर्षी शुल्क 2,000 डॉलरवर नेले. मला ही गल्लत वाटते. तो ठराव लहरी नव्हता, क्रूर होता. आणि क्रौर्यास अडविण्याचे काम कायद्याचे आहे, शुल्काचे नव्हे. दोन हजार डॉलर खिशात असलेला क्रूर माणूस काय दुर्मीळ आहे? सह्यांची चाळणीही आता निर्मळ राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. पैसे देऊन सह्या गोळा करण्यास कोलोरॅडोने घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये रद्द ठरविली. तेव्हापासून धनिकाची लहर मोटारीतून येते आणि गरिबाची पायी.

ही सारी हकिकत मी कचेरीतील मित्रांस चहाच्या वेळी रंगवून सांगितली होती. सर्वजण पोट धरून हसले, मीही हसलो. त्यानंतर आठवड्याभराने त्यांच्यापैकीच एकाने, तसाच रंगात येऊन, दुसरी गंमत सांगितली : ''अहो, 1996 च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव नावाच्या एका गावी चारशे छपन्न उमेदवार उभे होते! कोण हे वेडे लोक?''

मी हसलो नाही. ते वेडे लोक माझ्या भाषेचे होते. सीमाप्रश्नावर दुसऱ्या कोणत्या मार्गाने दिल्लीचे लक्ष वेधेना, म्हणून त्यांनी पाचशे रुपयांची अनामत जप्त होणार हे ठाऊक असूनही अर्ज भरले. एवढी नावे मतपत्रिकेवर बसविताना आणि मोजताना तेथील कर्मचाऱ्यांचे हाल झाले असणार, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच निवडणुकीत नलगोंड्यातही शेकडो उमेदवार उभे होते. त्यानंतर त्याच वर्षी लोकसभेची अनामत दहा हजारांवर गेली, आज ती पंचवीस हजार आहे. आणि ज्याच्यामागे मान्यताप्राप्त पक्ष नाही त्याला दहा सूचक आणावे लागतात. दहा सूचकांविषयी माझी तक्रार नाही.

मित्रास हे सारे सांगावयास मी सुरुवात केली, पण चहाची वेळ संपली होती. टेबलावर दुपारची टपाल येऊन पडली होती. लाल शाईच्या अधोरेखा असलेला एक लखोटा तीत होताच. मी त्यास क्रमांक दिला, आणि पुढे पाठविण्यापूर्वी आठही पाने वाचून काढली. सहाव्या पानावर निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा हिशेब होता. मी तो कागदावर मांडून पाहिला; बेरीज बरोबर होती.