आडोशाचा हात

सकाळी देवापुढे निरांजन लावतो. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, की हात आपोआप ज्योतीभोवती जातो. हे कुणी शिकवलेलं नसतं. तळवा उजळून निघतो. बोटांच्या कडा लालसर होतात. हाताची पाठ मात्र काळोखी राहते. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती पाठच दिसते. त्याला वाटावं, हा हात उजेड अडवतो आहे. अडवतोच तो. पण त्याने अडवलं नाही, तर उजेड उरतही नाही.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी हा हात रंगवला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’. हातात दिवा घेतलेली एक तरुणी. दुसऱ्या हाताचा आडोसा. चेहऱ्यावर आणि साडीवर पसरलेला मऊ उजेड, मागे सावली. चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांचीच मुलगी, गीता. कितीतरी लोक हे चित्र राजा रविवर्मा यांचं समजतात. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रंगवलं गेलं. चित्र उजेडात आलं, चित्रकार सावलीत राहिला.

आणि हे चित्र जलरंगातलं आहे. तैलरंगात चित्रकार काळोखापासून सुरुवात करू शकतो. उजेड शेवटी, पांढऱ्या रंगाच्या जाड फटकाऱ्याने ठेवता येतो. पारदर्शक जलरंगाची रीत उलटी. तिथे पांढरा रंग वापरायचा नसतो. पांढरा म्हणजे कागद. जिथे उजेड हवा, तिथे कागद राखायचा. म्हणजे उजेड कुठे असणार, हे पहिला हात फिरवण्याआधीच मनाशी ठरलेलं हवं. एकदा रंग बसला, की तिथला कागद पहिल्यासारखा मिळत नाही.

मग चित्रकार रंगवतो ते काय? तो सावली रंगवतो. एक पातळ थर. तो वाळू द्यायचा. त्यावर दुसरा. सगळे कष्ट सावलीचे, आणि पाहणारा म्हणतो, काय सुंदर उजेड आहे!

यात एक गंमत आहे. कागद तर सगळीकडे सारखाच पांढरा असतो. चित्राच्या चौकटीबाहेर उरलेला पांढरा नुसता कागदच राहतो. सावलीला लागून असलेला तोच पांढरा उजेड होतो. त्याच्यात काहीच बदललेलं नसतं. बदललेला असतो फक्त त्याचा शेजार.

माणसांचंही थोडंफार असंच असावं. घरात एखादा चेहरा उजळलेला दिसतो. त्याचं शिक्षण, त्याचं गाणं, त्याचं मोकळं हसणं. त्याच्या शेजारी कुणीतरी गडद उभं असतं. कमी बोलणारं, पैशाला जपणारं, चारदा नको म्हणणारं. आपण पहिल्याचं कौतुक करतो. दुसऱ्याबद्दल म्हणतो, स्वभाव जरा कडकच आहे हो.

आपण त्या माणसाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे तेव्हा लक्षात येत नाही. हाताचा उजळलेला तळवा ज्योतीकडे असतो. आपल्या वाट्याला त्याची पाठ येते. तिच्यावरून हाताचा रंग ठरवणं सोपं आहे. तो हात कशाभोवती धरलेला आहे, हे पाहायला चार पावलं चालून पलीकडे जावं लागतं.

प्रत्येक सावलीमागे ज्योत असेलच, असं नाही. नुसतीच वाट अडवून उभे राहिलेले हातही असतात. पण ते ठरवायचं असेल, तर आपण एकदा जागा बदललेली बरी.