कोणाच्या पोटाला चिमटा?

देशाच्या उत्पन्नातला जो हिस्सा खाऊन न संपवता कारखाने, रस्ते, धरणे, घरे आणि यंत्रे उभारण्यात जातो, त्याला अर्थशास्त्र स्थिर भांडवलनिर्मिती म्हणते. १९९० च्या सुमारास भारत आणि चीन हे दोन्ही देश सकल उत्पादनाचा साधारण चौथा भाग या कामी लावत होते. पुढे वाटा फुटल्या. चीनचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले आणि तेथे वर्षानुवर्षे टिकले. आपले प्रमाण २००७-०८ च्या आसपास पस्तिशीला पोचले आणि मग तिशीकडे घसरले. आज चीनचे दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे पाचपट आहे. या तुलनेतून बहुतेकजण एवढेच काढतात की आपण कमी पडलो. माझ्या मते आकड्यांच्या आधी एक धर्मप्रश्न उभा राहतो. उद्याच्या माणसासाठी आजच्या माणसाने किती सोडावे, आणि ते त्याला सोडायला लावण्याचा अधिकार कोणाला?

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला आहे. विहीर, तलाव, धर्मशाळा, बाग उभारणे हे पूर्तकर्म, आणि यज्ञयागाबरोबर त्यालाही धर्मात जागा आहे. मराठवाड्यातल्या वाळूज या उद्योगनगरीपासून वेरूळ दूर नाही. तेथील घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. अशा कामांसाठी त्या दौलतीच्या तिजोरीला हात न लावता आपल्या खासगी उत्पन्नातून खर्च करत, याचे आजही कौतुक होते. खासगीचे उत्पन्नही शेवटी रयतेच्या घामातूनच येत असे, हे खरे. तरीही त्या भेदात एक मोलाची जाणीव आहे. देणाऱ्याने आपल्या वाट्यातून दिले तर तो त्याग. दुसऱ्याच्या ताटातून काढून दिले तर देणगीचे पुण्य कोणाच्या खाती लिहायचे?

चीनकडे या कसोटीने पाहिले की चित्र गुंतागुंतीचे होते. तेथे सकल उत्पादनातला घरगुती उपभोगाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आत घसरला, आपल्याकडे तो साठीच्या आसपास आहे. ज्या स्थलांतरित कामगारांनी शहरे बांधली, त्यांना हुकोउ या मूळ रहिवासाच्या नोंदणीमुळे त्याच शहरांतल्या शाळा आणि दवाखाने पुरते खुले नव्हते. १९५८ नंतरच्या ‘मोठ्या झेपे’त पोलाद वाढवण्याच्या हट्टापायी धान्य ओरबाडले गेले आणि कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. यावर सर्वांत बळकट आक्षेप असा, की १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारे ऐंशी कोटी लोक दारिद्र्यातून वर आले, मग त्या पिढीचे सोसणे सार्थ झाले नाही काय? ही कामगिरी नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण दुष्काळात मेलेल्याला नातवाच्या सुबत्तेने भरपाई मिळत नाही, आणि ती सुबत्ता त्या मृत्यूंमधून आली असेही नाही. ती आली बरीचशी आणखी एका गोष्टीतून, जी भांडवलाच्या रकान्यात दिसतच नाही. १९८२ च्या जनगणनेत चीनमधले सुमारे दोन-तृतीयांश प्रौढ साक्षर होते. भारतात तेव्हा निम्मेही नव्हते. साक्षरता भांडवलात दिसत नाही, कारण राष्ट्रीय हिशेबात शिक्षकाचा पगार उपभोगात धरतात, शाळेची भिंत गुंतवणुकीत.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. जिथे आज मुलांची पोटे रिकामी आहेत, तिथे उद्याची भाषा क्रूर नव्हे का? पण या दयेचा आधार घेऊन आपण बरेच काही टाळले. जन्माला न आलेल्याला मत नसते, म्हणून निवडणुकीच्या राजकारणात त्याची बाजू नेहमी लंगडी पडते. १९२८ साली फ्रँक रॅम्से या तरुण गणितज्ञाने बचतीवरच्या निबंधात म्हटले, की केवळ नंतर येणार म्हणून कोणाचे सुख कमी तोलणे नीतीला धरून नाही. आपल्याकडचे पितृऋणही हेच सांगते. मागच्यांचे फेडायचे ते पुढच्यांना देऊन. लोकशाहीला अडचण मानून चीनचा गुंतवणुकीचा दर गाठू पाहणारे आणि लोकशाहीच्या नावावर आजचेच भागवणारे, दोघेही मला सारखेच चुकीचे वाटतात.

वाळूजमध्ये हा वाद कागदावरचा राहत नाही. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याने १९६४ पासून सवलती दिल्या, आणि १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे उभा राहिला. मराठवाड्याला ते हवेच होते. त्याच्यामागे शेतकऱ्यांच्या संपादित जमिनी आहेत, आणि जायकवाडी धरणाचे पाणी आहे, ज्याच्या नाथसागर जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. हा त्याग त्या माणसांनी केला, पण त्यांना विचारून झाला असे म्हणवत नाही. मोबदला एकदाच मिळाला, उत्पादन मात्र दरवर्षी निघते. म्हणून मला वाटते, जमीन देणाऱ्याला उद्योगाच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा असावा, आणि धरणाखाली गेलेल्या गावांच्या नातवंडांची शाळा, त्यांचे पाणी हे गुंतवणुकीच्या पहिल्या ओळीत मोजले जावे. याने गुंतवणुकीचा दर अर्ध्या टक्क्याने घटला, तरी ते मान्य करावे.