मोकळं रान

'मोकळं' हा शब्द मला जरा लबाड वाटतो. अडवलेलं नसतं ते मोकळं. आणि राहणाऱ्यांना हुसकून लावलं की जागा होते, तीही मोकळीच.

1876 मध्ये पशुपालक चार्ल्स गुडनाइट सुमारे 1,600 गुरं घेऊन टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत उतरला. कुंपण नाही, शेजार नाही, गवत अमाप. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकी सैन्याने याच दरीतली कोमांचे, कायोवा आणि शायान लोकांची बिऱ्हाडं जाळली होती. माणसं फारशी मेली नाहीत. पण त्यांचे हजारावर घोडे सैन्याने पकडून गोळ्या घालून मारले. घोड्यावाचून शिकार नाही, शिकारीवाचून हिवाळा निघत नाही. पुढच्या वर्षापर्यंत ते लोक सरकारने आखून दिलेल्या राखीव मुलखात गेले. दरीत बायसन उरले होते, ते गुडनाइटच्या माणसांनी हाकलले.

अशा रानात पशुपालकाची मालकी गुरावर असे, गवतावर नसे. वसंतात दूरदूरची गुरं वळून एकत्र आणायची. वासरू ज्या गाईमागे चाले, तिचाच डाग त्याला तापल्या लोखंडाने द्यायचा. वासराच्या मालकीची साक्ष त्याची आईच देई. जमिनीचं गणित मात्र सरळ होतं: पाणवठे विकत घ्या, भोवतालचं कोरडं रान दुसऱ्याच्या काय कामाचं? म्हणजे कुंपण आधीपासून होतंच, डोळ्यांना दिसत नव्हतं एवढंच.

1874 मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. मोकळं रान शेतकऱ्यांनी या तारेने संपवलं, असं सांगायची पद्धत आहे. पण टेक्सासच्या उत्तर टोकाला मैलोगणती तार ओढली ती बड्या पशुपालकांनीच. उत्तरेची भटकी गुरं आपल्या गवतावर नकोत म्हणून. हिमवादळात गुरं वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेला सरकत राहतात. जानेवारी 1886 च्या वादळात ती तारेला येऊन थटली आणि तिथेच गोठली.

गुडनाइटची बायको मेरी अ‍ॅन, तिला सगळे मॉली म्हणत. शिकाऱ्यांनी कत्तल केलेल्या बायसनच्या कळपांमागे पोरकी वासरं राहत, त्यांचं तिला वाईट वाटे. तिच्या आग्रहावरून गुडनाइटने बायसनची काही वासरं धरून आणली आणि वाढवली. टेक्सासच्या सरकारी उद्यानात आज त्यांचाच वंश चरतो, कुंपणाच्या आत.