ऋणको कोण?

राष्ट्रांची पत ठरविणाऱ्या संस्था पूर्वी खजिना, तूट आणि राजकीय स्थैर्य पाहत. अलीकडे त्या आकाशाकडेही पाहू लागल्या आहेत. कोळसा व तेल जाळून सोडलेला कर्बवायू शतकानुशतके हवेत राहतो, पृथ्वी तापते, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरच्या राष्ट्राला कर्ज देताना सावकार वाढीव व्याज मागतो. २०१७ च्या सप्टेंबरात ‘मारिया’ वादळाने डॉमिनिका या चिमुकल्या बेटाची जी हानी केली, ती त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होती. अशा देशाला स्वस्त कर्ज कोण देणार?

सावकाराला दोष देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. बुडण्याचा संभव तेथे व्याज अधिक, हा हिशेब खोटा नव्हे. परंतु व्याजाचा दर धोका कोणावर आहे एवढेच सांगतो; तो कोणी उत्पन्न केला याविषयी तो मुका असतो. ज्याने दीडशे वर्षे धूर सोडून संपत्ती केली तो पतवान, आणि ज्याच्या अंगणात पाणी शिरले तो बेभरवशाचा!

कोलकात्यात राहणाऱ्यास हा प्रश्न दोन्ही अंगांनी भिडतो. २० मे २०२० रोजी ‘अंफान’ आले. राज्य सरकारने हानीचा अंदाज एक लाख कोटी रुपयांवर सांगितला. केंद्राने तेव्हा जाहीर केलेले आगाऊ साह्य होते एक हजार कोटींचे. सुंदरबनातील शेते खारी झाली ती निराळीच. परंतु कोल इंडियाची मुख्य कचेरीही याच शहरात आहे, आणि तिच्या लाभांशाचा मोठा वाटा ज्या तिजोरीत जातो, तिच्यातूनच आम्हां केंद्रीय नोकरांचे पगार निघतात. भारतात माणशी कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, हे आपण परदेशीयांस अभिमानाने ऐकवितो. ते खरेच आहे. पण ती सरासरी कमी राहते ती सुंदरबनातल्या मासेमाऱ्यामुळे. तिच्या आडोशाला बसतो आपण, वातानुकूलित खोलीत.

आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: व्याजाची बाकी एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करावयाची नाही. मुंबई इलाख्यात आणि कलकत्ता शहरात इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. कराराला ऋणकोच्या सोसण्याची मर्यादा असते, ही त्यामागील दृष्टी. बार्बाडोसने २०१८-१९ च्या सुमारास कर्जरोख्यांत अट घातली की, मोठे वादळ आल्यास हप्ते काही काळ थांबावेत. अट स्तुत्य आहे. मात्र तेथे हप्ता थांबतो तेव्हाही व्याज मुद्दलात मिळत राहते. दामदुपटीपर्यंत अद्याप कोणी आलेले नाही.