कर्म आठव्या क्रमांकावर

ट्रकचं इंजिन मिनिटाला साधारण ६०० फेऱ्यांवर, म्हणजे उभ्या गाडीत निवांत चालू असताना टिकटिक ऐकू आली, तर जाणता मिस्त्री लगेच पान्याला हात घालत नाही. तो आधी आवाजाचा ठेका पकडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. म्हणून ६०० फेऱ्यांवर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पाच वेळा उघडतो, तर क्रँकच्या बेअरिंगसारखा खालचा भाग सेकंदाला दहा ठोके देऊ शकतो. ठेका सावकाश असला की संशय वरच्या हेडकडे वळतो, दुप्पट असला की खाली. एकही नट सैल न करता इंजिनाचा बराच भाग संशयातून सुटतो.

काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा ते पारादीप जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. अमरावती रोडवरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांपासून कळमन्याच्या बाजारापर्यंत ट्रकांची रीघ असते. अशा शहरात कान तयार झालेले मिस्त्री असणारच.

तरी कानही फसतो. पोलादात आवाज हवेच्या जवळजवळ पंधरा पट वेगाने धावतो, आणि सगळं इंजिन एकाच धातूच्या ठोकळ्यात बांधलेलं असतं. डाव्या बाजूला झालेला ठोका उजवीकडे ऐकू येतो. म्हणून लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी, ही जुनी युक्ती अजून टिकून आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, ती याच जातीची युक्ती. मग एकेक शक्यता तपासायची. आवाज थंड इंजिनात येतो आणि गरम झाल्यावर जातो का? तसं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटलेली असू शकते. धातू तापून फुगला की फट बुजते, आणि फटीभोवती काजळीचा डाग सापडतो. जुन्या पंपाच्या गाडीत एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करून पाहतात. त्या सिलिंडरचं डिझेल बंद होताच आवाज बदलला, तर तिथे काहीतरी आहे. कॉमन रेलच्या नव्या इंजिनांत मात्र ही युक्ती जिवावर बेतू शकते, कारण त्या पाइपातला दाब हजार बारच्याही वर जातो. शिवाय ब्रेकला हवा पुरवणारा कंप्रेसर असतो. तो इंजिनाला चिकटूनच असल्याने त्याची टिकटिक हमखास इंजिनाच्या नावावर खपते.

या सगळ्या खटपटीला आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन अनुमानाचे प्रकार सांगतो, तेव्हा त्यातल्या एकाचा अर्थ ‘परिशेष’ असा देतो. जे जे संभवतं ते मांडायचं, जे बसत नाही ते वगळायचं आणि उरतं ते स्वीकारायचं. त्यासाठी त्याने निवडलेलं उदाहरण आवाजाचंच आहे. शब्द, म्हणजे ध्वनी, हे द्रव्य आहे, गुण आहे की कर्म? द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण.

या पद्धतीत एक धोका आहे. शक्यतांची यादीच अपुरी असेल तर उरलेलं उत्तर चुकीचं असूनही पक्कं वाटतं. कंप्रेसर यादीत घ्यायचा राहिला आणि व्हॉल्व्हचे टॅपेट, नोझल, गॅस्केट सगळं ठीक निघालं, की चांगलं इंजिन विनाकारण खोललं जातं.

त्याहून मोठी फसगत आवाज थांबल्यावर होते. जाड ऑइल भरलं की झिजलेल्या भागांची टिकटिक काही काळ दबते, झीज आत चालूच राहते. टॅपेटचंही तसंच. टाटा-कमिन्सच्या जुन्या सहा सिलिंडरी ५.९ लिटर इंजिनात थंड असताना इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर गॅप ठेवतात. तो शून्यावर आणला तर टॅपेट गप्प होतील, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाहीत आणि जळतील. थोडी टिकटिक निरोगी इंजिनाचीच असते. आवाज जाणं आणि कारण सापडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नैयायिकांनी यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी दुहेरी अट घातली: कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, कारण काढलं की कार्य गेलं पाहिजे. काढलेला पार्ट परत बसवला आणि टिकटिक परत आली, तरच त्याच्यावरचा आरोप सिद्ध होतो. एवढी मेहनत फार थोडे घेतात, आणि जे घेतात त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

कारण सापडत नाही तेव्हा काय होतं, ते कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. “साडेसाती चालू आहे मिस्त्री, गाडी तरी कशी नीट राहील?” ड्रायव्हर म्हणतो. “थांब न भाऊ, आधी ऐकू तं दे,” मिस्त्री सांगतो. बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असते, डॅशबोर्डवर देवाची तसबीर असते. रात्री-बेरात्री जंगलातल्या घाटातून पंचवीस टन माल नेणाऱ्या माणसाला आधार लागतो, आणि त्या आधाराचा मान ठेवलाच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. नशीब, भोग, पूर्वकर्म यांना ‘कारण’ म्हणायचं का?

हा प्रश्न बुद्धांना थेट विचारला गेला होता. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात त्याची नोंद आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक येतो आणि विचारतो: माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? उत्तरात बुद्ध यादी देतात. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही या तिन्हींच्या बिघाडाने. काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची नीट निगा न राखल्याने, काही मार लागल्याने. आणि काही कर्माच्या फळामुळे. कर्म आठवं आहे. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे जातात आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्याही, असं बुद्ध म्हणतात.

इथे कर्म नाकारलेलं नाही, याकडे दुर्लक्ष करू नये. त्याला यादीत जागा आहे. पण त्याच्या आधीची सात कारणं तपासता येतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर इलाज करता येतो.

वैशेषिक दर्शनकारांचा अनुभव यापुढे ठेवून पाहावा. लोहचुंबकाकडे सुई सरकते, आगीची ज्वाळा वरच जाते: अशा ज्या गोष्टींचं कारण दिसेना, त्या कणादाच्या सूत्रांनी ‘अदृष्टा’च्या खात्यावर टाकल्या. आज चुंबकत्वही समजलं आहे आणि तापलेली हवा हलकी होऊन वर का जाते तेही. अदृष्टाचं खातं असं शतकागणिक आटत गेलं. त्या विचारवंतांचा यात कमीपणा नाही. जे दिसत नाही त्याला त्यांनी प्रामाणिकपणे ‘न दिसलेलं’ म्हटलं. अदृष्ट हे नाव शोध संपल्याची पावती म्हणून वापरलं जातं, तेव्हा मात्र नुकसान होतं.

या नुकसानीचा हिशेब ज्यांनी मांडला त्यांचं नाव नागपूरशी कायमचं जोडलेलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर त्यांनी कठोर टीका केली आहे. गरीब आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि शासनाने झटकावी, याखेरीज असल्या सिद्धान्ताचा दुसरा उपयोग दिसत नाही, असा त्यांचा आरोप आहे. चुकीचं कारण स्वीकारलं की खरं कारण सुखरूप राहतं, आणि त्याची झळ खालच्या माणसाला बसते.

दर वर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात. त्याच दसऱ्याला शहरातली गॅरेजं धुऊन निघतात, पान्या-पक्कडींना हळदकुंकू लागतं, ट्रकांवर झेंडूच्या माळा चढतात. ही दोन दृश्यं परस्परविरोधी मानण्याचं कारण नाही. पूजा झाल्यावर तोच पाना पुन्हा शंकेच्या कामाला लागतो.

समजा, टिकटिकीचा माग लागला. टॅपेट सेट केले, पण थोड्याच दिवसांत एकाच व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा वाढला. इंजिन खोललं, तर कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजलेला. चांगला मिस्त्री तो पार्ट मालकाच्या हातात देतो. वात्स्यायन ज्याला आप्त म्हणतो तो हाच: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू पडतं, असं भाष्यात स्पष्ट म्हटलं आहे. शाळा सोडून गॅरेजात वाढलेल्या माणसाची साक्ष तेवढ्याच वजनाची ठरते.

ती साक्ष मग पुढचे प्रश्न उभे करते. उंचवटा झिजला, कारण ऑइलमध्ये दम राहिला नव्हता. ऑइल तसं झालं, कारण ते वेळेवर बदललं नाही. बदललं नाही, कारण एक खेप झाली की गाडी लगेच दुसऱ्या खेपेला निघत होती. गाडी उभी करायची की नाही हे ड्रायव्हर ठरवत नव्हता. दुरुस्तीचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं मालकाच्या मनात असतं, तेव्हा हातातला झिजलेला तुकडा आणि सर्व्हिसच्या तारखांची वही दोन्ही त्याच्यासमोर ठेवली पाहिजेत.