भाषेतील चूक आणि ख्यातिवाद

परकी भाषा शिकणारा विद्यार्थी चुकतो तेव्हा त्याच्या मनात नेमके काय घडलेले असते, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटतो. पण मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कसे होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. भारतीय दर्शनांनी भ्रमाच्या स्वरूपाविषयी जो दीर्घ वाद घातला, त्याला ख्यातिवाद असे नाव आहे. इंग्रजीच्या अध्यापनावरील आधुनिक संशोधन या वादाशी अपरिचित राहूनही त्याच्याच काही भूमिकांपाशी येऊन पोहोचले, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट लॅडो यांनी 1957 मध्ये असे प्रतिपादन केले, की शिकणारा आपल्या मातृभाषेची घडण परभाषेवर लादतो आणि म्हणून दोन भाषांची तुलना केल्यास त्याला काय अवघड जाईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. मराठीत ‘द’सारखी उपपदे नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थी ‘सन राइजेस इन ईस्ट’ असे लिहितो, हे या मताचे सोपे उदाहरण होय. मात्र तोच विद्यार्थी ‘शी टीच्ड अस मॅथ्स’ असेही लिहितो, तेव्हा हे स्पष्टीकरण अपुरे पडते; कारण ‘टीच्ड’ हे रूप त्याच्या मातृभाषेतून आलेले नसते आणि शिक्षकांच्या तोंडून किंवा पुस्तकातूनही ते सहसा त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. ‘वॉक्ड’, ‘प्लेड’, ‘कुक्ड’ अशा रूपांवरून नियम काढून त्याने ते स्वतः घडवलेले असते. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये थकव्याने किंवा घाईने झालेली चूक आणि अशी नियमबद्ध चूक यांत भेद केला व दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे विद्यार्थ्याच्या त्या घडीच्या ज्ञानाचा पुरावा आहे, असे मांडले. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये या मधल्या अवस्थेतील व्यवस्थेला जे नाव दिले, त्यास मराठीत अंतरभाषा म्हणता येईल.

शिंपल्याच्या ठिकाणी चांदी दिसणे, हे ख्यातिवादातील सर्वपरिचित उदाहरण आहे. नैयायिकांच्या अन्यथाख्यातीनुसार चांदी खोटी नसते. ती अन्यत्र, बाजारात, पूर्वी पाहिलेली असते आणि येथे भलत्याच वस्तूवर तिचे ज्ञान होते. प्रभाकर मीमांसकांची अख्याती याहून धीट आहे. त्यांच्या मते ‘हे’ असे जे कळते ते प्रत्यक्ष आणि ‘चांदी’ असे जे कळते ती स्मृती; दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असून उणीव एवढीच, की त्या दोहोंतील भेदाचे ग्रहण होत नाही. या उणिवेला भेदाग्रह म्हणतात. ‘टीच्ड’ लिहिणाऱ्या मुलाला भूतकाळाचा सर्वसाधारण नियम ठाऊक असतो आणि ‘टीच’ हे क्रियापद आहे हेही ठाऊक असते; या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. हे क्रियापद त्या नियमाखाली येत नाही, एवढाच भेद निसटलेला असतो. लॅडो यांची उपपत्ती अन्यथाख्यातीच्या जवळ जाते आणि कॉर्डर यांची अख्यातीच्या, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो, जरी नैयायिक या उदाहरणाचेही उत्तर देऊ शकेल हे उघड आहे: त्याच्या दृष्टीने ‘वॉक्ड’मधील प्रत्ययच येथे भलत्या जागी भासला.

या वादाचा वर्गातील परिणाम दुरुस्तीच्या प्रश्नात दिसतो. चूक म्हणजे भेदाग्रह असेल, तर योग्य रूप नुसते कानावर घालणे पुरेसे ठरत नाही. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे निरीक्षण केले होते. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशा होत्या, की मुलाचे वाक्य शिक्षक बोलण्याच्या ओघात सुधारून पुन्हा उच्चारत. आणि विद्यार्थी दखल घेत आहेत असे दुरुस्तीच्या याच प्रकारात सर्वांत कमी वेळा आढळले. ‘टीच्ड’ म्हणणाऱ्या मुलाला उत्तरादाखल ‘हो, शी टॉट यू’ असे ऐकू येते तेव्हा शिक्षकांनी आपल्या म्हणण्याला होकार दिला, असेच त्याला वाटण्याचा संभव अधिक. रिचर्ड श्मिट यांचा, शिकणाऱ्याने भाषेतील गोष्ट जाणीवपूर्वक टिपल्याशिवाय ती आत्मसात होत नाही, हा सिद्धान्त प्राभाकरांना परका वाटला नसता.

तथापि भेद कळल्यावरही चूक टिकते, आणि येथे अख्यातीची पकड ढिली होते. सेलिंकर यांनी अशा घट्ट बसलेल्या चुकांना अश्मीभवन म्हटले. वेदान्त्यांनी सोपाधिक भ्रम वेगळा काढला, तो याच कारणासाठी: स्फटिक पांढरा आहे हे ठाऊक असूनही शेजारी जास्वंदीचे फूल असेपर्यंत तो लालच दिसतो. मातृभाषा ही अशी उपाधी आहे, आणि ती दूर करणे शक्यही नाही व इष्टही नाही.

याहून अवघड प्रश्न निकषाचा आहे. चांदी समजून उचलावयास जावे आणि हाती शिंपला यावा, म्हणजे प्रवृत्ती निष्फळ झाली आणि ज्ञान अयथार्थ ठरले, अशी न्यायमताची कसोटी आहे. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 मध्ये दाखवले, की इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा ‘थिंक’मधील पहिला ध्वनी बदलला तरी समजण्यात सहसा अडथळा येत नाही. म्हणजे तेथे प्रवृत्ती सफल होते. शिंपला बाजारात चांदी म्हणून खपला तरी शिंपलाच राहतो. भाषेत मात्र बोलणाऱ्यांच्या व्यवहारापलीकडे पडून असलेली अशी वस्तूच नसते. भारतात रुळलेले ‘प्रीपोन’ हे क्रियापद ऑक्सफर्डच्या कोशात आले, ते याच बळावर. ‘टीच्ड’च्या मागे असा कोणताही भाषक समाज उभा नाही, म्हणून त्याभोवती लाल शाईचे वर्तुळ काढणारा शिक्षक बरोबरच असतो. ‘डिस्कस अबाउट’चा निकाल मात्र अजून लागलेला नाही: परीक्षक त्याचे गुण कापतो आणि भारतातील असंख्य कचेऱ्यांचा पत्रव्यवहार त्याच प्रयोगाने बिनतक्रार चालू असतो.